‘बाकी’ म्हणजे नेमके काय उरते?

प्रश्न असा आला आहे: वजाबाकीतली ‘बाकी’, थकबाकीतली ‘बाकी’ आणि ‘बाकी काय विशेष?’ मधली ‘बाकी’ हा एकच शब्द आहे का? तो मूळचा कुठला? आणि संस्कृत ‘शेष’ हाताशी असताना मराठीने तो का घेतला; आता त्याच्या जागी ‘शेष’ वापरावा का?

मी मोडीतले हिशेबी कागद वाचतो आणि वाचायला शिकवतो. त्यामुळे हा शब्द रोज डोळ्यांखालून जातो. थोडक्यात उत्तर असे: तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे, तो अरबी आहे, फारसी दफ्तरातून मराठीत आला आहे, आणि ‘शेष’ त्याची जागा घेऊ शकत नाही. कारण ‘बाकी’ आणि ‘शेष’ हे समानार्थी आहेत हीच समजूत चुकीची आहे. ‘बाकी’मागे नेहमी कुणाचे तरी देणे किंवा करणे उभे असते. हे कसे झाले ते सांगतो.

अरबीत ब-क़-य हा धातू, अर्थ ‘उरणे, टिकणे’. त्यापासून ‘बाक़ी’, म्हणजे ‘उरणारा’. अरबीत कर्ता दाखवणारे रूप करण्याचा एक ठरलेला साचा आहे: पहिल्या अक्षराला ‘आ’, दुसऱ्याला ‘इ’. हा साचा ओळखता आला की मराठीतले कितीतरी शब्द एका कुटुंबातले दिसू लागतात. हाजिर, कायम, गायब, दाखल, फाजील, लायक, वारस, जालीम. उच्चार मराठीत थोडे वाकले, काहींमधली ‘इ’ गळाली, पण साचा तोच. ‘बाकी’ याच रांगेतला.

मूळ भाषेत या शब्दाला मोठा मान आहे. ‘अल्-बाक़ी’ हे अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक मानले जाते. सगळे गेल्यावरही जो राहतो तो. तुर्कस्तानात उस्मानी काळातल्या थडग्यांवर माथ्याशी ‘हुवल्-बाक़ी’, म्हणजे ‘तोच टिकणारा’, असे कोरलेले आढळते. सूफींच्या ‘फना’ (विलय) आणि ‘बका’ (टिकून राहणे) या जोडीतली ‘बका’ याच धातूची. मदिनेतल्या ‘जन्नतुल बकी’ या कब्रस्तानाचे नाव मात्र याच्याशी जोडू नये. त्याच्या शेवटी ‘ऐन’ हे वेगळे अक्षर आहे आणि धातूही वेगळा. देवनागरीत लिहिल्यावर फरक पुसला जातो, म्हणून हा घोटाळा वारंवार होतो.

मराठीत आलेली ‘बाकी’ या अध्यात्माच्या वाटेने आली नाही. ती महसुलाच्या वहीतून आली, आणि तिच्या मराठी अर्थाची किल्ली तिथेच आहे.

मुघल काळातल्या महसुली हिशेबाचा एक पक्का आराखडा होता: जमा, वासिल, बाकी. ‘जमा’ म्हणजे गावावर किंवा परगण्यावर ठरवलेला आकार, म्हणजे महसुलाची मागणी. ‘वासिल’ म्हणजे त्यातले आलेले. अरबीत ‘वुसूल’ म्हणजे पोहोचणे, आपला ‘वसूल’ तोच. जे सरकारात पोहोचले ते वसूल आणि जे अजून रयतेकडे राहिले ते ‘बाकी’. उत्तरेकडच्या तहसिलींमध्ये ‘वासिलबाकीनवीस’ असे पदच होते. आपल्याकडेही महसूल खात्यात आणि सहकारी सोसायट्यांत ‘मागणी, वसूल, बाकी’ हे तीन रकाने आजही भरले जातात. वहीची जागा संगणकाने घेतली, रकाने तेच आहेत.

म्हणजे ‘बाकी’ कशातून काढायची? ठरलेल्या मागणीतून आलेली रक्कम वजा करून. एक नमुना मांडून दाखवतो. मोडी हिशेबात रुपयाच्या अंकापुढे उभ्या रेघा येतात: एक रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. समजा, गावाचा आकार १२५॥। आहे, म्हणजे एकशे पंचवीस रुपये बारा आणे. वसूल ९८॥, अठ्ठ्याण्णव रुपये आठ आणे. तर बाकी २७।, सत्तावीस रुपये चार आणे. शीर्षकाचा शब्द लिहिताना कारकून अक्षरे एकमेकांपासून दूर ताणतो, मधे लांब आडवी रेघ असते. ‘बा’ एका टोकाला आणि ‘की’ दुसऱ्या टोकाला. नवशिका वाचक ही दोन सुटी अक्षरे समजून अडखळतो. एकदा डोळ्यांना सवय झाली की आधी ही ताणलेली शीर्षके शोधायची आणि मग आतले तपशील वाचायचे, हा सरळ मार्ग.

आता त्याच गावाने १३० रुपये भरले असते तर? वरचे ४। हे बाकीत येत नाहीत, ते ‘फाजील’. हाही अरबीच शब्द, अर्थ ‘जास्तीचा’. आणि कचेरीच्या पेटीत रात्री मोजून जे रोख निघते ती ‘शिल्लक’. रोजकीर्दीचे, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचे, गणित असे: कालची शिल्लक, अधिक आजची जमा (इथे ‘जमा’ म्हणजे आलेले पैसे), उणे आजचा खर्च, ही आजची शिल्लक. तीन शब्द, तीन वेगळ्या जागा. शिल्लक हातात आहे, फाजील हक्कापेक्षा जास्त आले आहे आणि बाकी अजून यायची आहे. सामान्य माणूस या तिन्हींना ‘उरलेले पैसे’ म्हणेल. कारकुनाने तसे म्हटले असते तर त्याची नोकरी टिकली नसती.

दफ्तरातला हा काटेकोरपणा घरच्या बोलण्यात उतरला आहे, आपले लक्ष नसते इतकेच. ‘चार पोळ्या उरल्या’ म्हणजे सगळ्यांची जेवणे झाली आणि टोपलीत चार आहेत. ‘चार पोळ्या शिल्लक आहेत’ म्हणजे अजून कुणी आले तर भागेल. ‘चार पोळ्या बाकी आहेत’ म्हटले की बाईंच्या हातात लाटणे आहे आणि तवा तापलेला आहे. त्या व्हायच्या आहेत. पोळ्यांची संख्या तीच, पण या शेवटच्या वाक्यात पोळ्या अस्तित्वातच नाहीत. अस्तित्वात आहे ते करायचे काम. मला या शब्दाबद्दल सांगायचे ते हेच.

‘परीक्षेला दोन दिवस बाकी आहेत’, ‘लग्नाची खरेदी बाकी आहे’, ‘सही तेवढी बाकी आहे’: सगळीकडे मागणी ठरलेली, वसूल अपुरा. ‘त्याने अपमान करायचं काही बाकी ठेवलं नाही’ या वाक्यात तर अपमानाचा सगळा आकार वसूल झाला आहे. ‘बाकी राहिले’ असे आपण म्हणतो, तेव्हा खरे तर उरण्याचा अर्थ दोनदा सांगतो, एकदा अरबीत आणि एकदा मराठीत. पण ते खटकत नाही, कारण मराठी ‘राहणे’लाही हीच छटा आहे. ‘सांगायचं राहिलं’ म्हणजे सांगणे झाले नाही. दोन्ही शब्दांचा स्वभाव जुळला म्हणून जोडी टिकली. ‘थकबाकी’तही तसेच झाले: ‘थकणे’ आपले, ‘बाकी’ पाहुणी. ‘थकबाकीदार’मध्ये फारसी ‘-दार’ येऊन तिसरी भाषा मिळाली.

मग ‘बाकी माणूस सरळ आहे हो’ आणि ‘बाकी काही म्हण, पण स्वयंपाक छान झाला’ यांतली ‘बाकी’? तिथेही एक वजाबाकी लपलेली आहे. एक गोष्ट सांगून झाली, ती हिशेबातून काढली, आता उरलेल्याबद्दल बोलतो आहे. नाम होते त्याचे अव्यय झाले. फोनवर ‘बाकी?’ एवढेच विचारले जाते तेव्हा संभाषणाचा ठरीव आकार अजून पुरा वसूल झालेला नाही असेच विचारणाऱ्याला म्हणायचे असते.

आता हा शब्द इथे कधी रुजला त्याकडे येतो. १३४७ मध्ये बहमनी राज्य झाले आणि दख्खनच्या राज्यकारभाराची भाषा फारसी झाली. पण गावचा हिशेब कुलकर्णीच लिहीत होता, आणि तो मराठीत. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने (१५३४ ते १५५८) महसुली हिशेबातून फारसी काढून देशी भाषा आणली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे गेले, असे फरिश्ता हा फारसी इतिहासकार नोंदवतो. अनेकांना वाटते की त्यामुळे फारसी शब्द कमी झाले असतील. वाक्ये मराठी झाली, पण रकान्यांची नावे होती तीच राहिली आणि त्या वाटेने ती थेट मराठी वाक्यात शिरली. त्याच शतकातल्या एकनाथांचे ‘अर्जदस्त’ पाहा. देवाला लिहिलेला अर्ज आहे तो. त्यात जिवाजी शेखदार आहे, बुधाजी कारकून आहे, परगणा आहे ‘शरीराबाद’. ऐकणाऱ्या साध्या माणसाला हे शब्द तोंडपाठ असल्याशिवाय असे भारूड रंगत नाही. शरीर हा परगणा म्हटल्यावर पुढचे सगळे त्याला आपोआप कळत होते.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि दरबारी यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. हे काम फार मोलाचे होते आणि त्यामागचा स्वाभिमान खरा होता. पण पुढच्या शतकातले हिशेब उघडले तर जमा, खर्च, वसूल, बाकी सगळे जागच्या जागी दिसतात. पदाचे नाव आज्ञेने बदलता येते, कारण ते नाव घेणारी माणसे मोजकी असतात. ‘बाकी’ मात्र गावोगावचा प्रत्येक कुलकर्णी लिहीत होता आणि प्रत्येक शेतकरी ऐकत होता. आणि पदांच्या नावांमध्येही ‘पेशवा’ परत आला तो आलाच.

शाळेतल्या गणिताने तर हा सगळा इतिहास जपून ठेवला आहे. वजाबाकीतला ‘वजा’ अरबी ‘वज़अ’ म्हणजे ‘खाली ठेवणे’ यावरून. म्हणजे बाजूला ठेवून जे राहते ती वजाबाकी. ‘बेरीज’ही फारसी दफ्तरातली. पुढच्या दोन क्रिया, गुणाकार आणि भागाकार, मात्र संस्कृत. पहिल्या दोन क्रिया कुलकर्ण्याच्या रोजच्या कामाच्या होत्या, पुढच्या दोन पंडिताच्या पाटीवरच्या, असा मी त्याचा अर्थ लावतो. भागाकार करून खाली उरते ती चौथीच्या मुलासाठी ‘बाकी’ असते. तोच मुलगा नववीत बीजगणिताला आला की ‘शेष सिद्धांत’ शिकतो. एकाच कल्पनेला एका शाळेत दोन भाषा, आणि मुलांना त्याचा काहीही त्रास होत नाही.

म्हणजे ‘शेष’ हा शब्द हिशेबाला नवखा होता असे मुळीच नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावती या गणितग्रंथात शेषजातीचे, म्हणजे उरलेल्यावरून मूळ रक्कम काढण्याचे, एक सुंदर उदाहरण आहे. एका यात्रेकरूने जवळच्या निष्कांपैकी (निष्क हे जुने नाणे) निम्मे प्रयागला दिले. उरलेल्यातले दोन नवमांश काशीला. त्यातून उरलेल्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीला गेला. उरलेल्याचे सहा दशांश गयेला. मग ६३ निष्क घेऊन तो घरी आला, तर निघताना किती होते? उत्तर ५४०. ताळा करून पाहा: ५४० चे निम्मे २७०, त्यातले ६० काशीला जाऊन २१०, जकात ५२॥ जाऊन १५७॥, आणि गयेला ९४॥ देऊन ६३. या श्लोकात ‘अवशेष’, ‘शेष’ आणि ‘शिष्ट’ तिन्ही रूपे येतात. बहमनी राज्याच्या दोनशे वर्षे आधी नेमका आणि सुघड शब्द इथे उपलब्ध होता.

पण त्या यात्रेकरूच्या ६३ निष्कांवर कुणाचा हक्क नाही, ते त्याच्या कनवटीला आहेत. हा ‘शेष’. तो कुणाला द्यायचा असता तर ती ‘बाकी’ झाली असती. महसुलाच्या वहीला जे सांगायचे होते ते ‘शेष’ सांगत नव्हता.

‘शेष’चा धातू शिष्, ‘मागे ठेवणे, उरणे’. त्याचा पसारा मोठा आहे. अवशेष, निःशेष, अशेष हे उघड आहेत. ‘विशेष’ही त्यातलाच: इतरांतून वेगळा होऊन राहिलेला. म्हणजे ‘बाकी काय विशेष?’ या घरगुती प्रश्नात उरण्याचे दोन धातू, एक अरबी आणि एक संस्कृत, शेजारी बसले आहेत. ‘शिष्ट’ मात्र जपून हाताळावा. ‘यज्ञशिष्ट’ म्हणजे यज्ञातून उरलेले, हा शिष्वरून. ‘शिष्टाचार’मधला शिष्ट म्हणजे शिकवलेला, तो शास् या वेगळ्या धातूवरून. पाणिनीने तर ‘शेष’ला व्याकरणाची परिभाषाच केले. ‘षष्ठी शेषे’: इतर विभक्त्यांचे संबंध सांगून झाले की जे उरतात त्यांना षष्ठी. आपला ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय इतका कशालाही चालतो, त्याचे मूळ कारण या दोन शब्दांत आहे. आणि शेषनाग तो शेष अशासाठी की प्रलयात सगळे लयाला गेल्यावर तो राहतो. इथे ‘शेष’ आणि ‘अल्-बाक़ी’ एकमेकांना भेटतात. दोन्ही संस्कृतींना उरणे आणि अविनाशी असणे एकाच शब्दात दिसले.

शिष्चे एक लेकरू आपण रोज वापरतो आणि ओळखत नाही: उष्टे. उद् + शिष्ट = उच्छिष्ट, त्यावरून प्राकृतातून ‘उष्टा’. आज हा शब्द विटाळाचा वाटतो. पण अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात उच्छिष्टाचे अख्खे सूक्त आहे, आणि ते ‘उच्छिष्टे नाम रूपं च’ असे सुरू होते: नाम, रूप, सारे जग या उरलेल्यात ठेवलेले आहे. तुकोबा ‘संतांचीं उच्छिष्टें बोलतों उत्तरें’ म्हणतात तेव्हा त्या जुन्या आदराचाच धागा त्यांच्या हातात आहे. (‘शिळे’ हा शब्द मात्र उरण्यातून आलेला नाही. तो ‘शीतल’वरून, म्हणजे गार झालेले.)

एका बाबतीत ‘शेष’ देण्याघेण्याच्या अगदी जवळ येतो. ऋणशेष, अग्निशेष आणि शत्रुशेष पुन्हा पुन्हा वाढतात, म्हणून शेष ठेवू नये, असे जुने सुभाषित आहे. पण तिथेही देण्याचा अर्थ ‘ऋण’ने आणला आहे, ‘शेष’ला तो स्वतःहून आणता येत नाही.

आता एका शब्दाबद्दल, जो मला जपावासा वाटतो: बेबाक. फारसी ‘बे’ म्हणजे ‘विना’, आणि ‘बाक़’ हे बाकीचेच रूप. हिशेब बेबाक झाला म्हणजे देणे पुरते फिटले, काही बाकी नाही. जुन्या कर्जरोख्यांच्या संदर्भात तो येतो आणि आजही गावच्या विकास सोसायटीतून शेतकरी ‘बेबाकी दाखला’ काढतो. तो दाखला हातात आला की पुढचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी होते. पण गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत ‘बेबाक मत’, ‘बेबाक मुलाखत’ असे दिसू लागले आहे. हा वेगळा शब्द आहे आणि तो हिंदीतून आला आहे. त्यातला ‘बाक’ फारसी, अर्थ भीती. बेबाक म्हणजे निर्भीड. फारसी लिपीत दोन्हींचा शेवटचा ‘क’ वेगळ्या अक्षराने लिहितात, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. आपल्या लिपीत आणि उच्चारात दोन्ही ‘क’ एक झाले. निर्भीड या अर्थासाठी मराठीत निर्भीड, रोखठोक, सडेतोड असे खणखणीत शब्द आहेत. फिटलेल्या हिशेबासाठी मात्र बेबाकसारखा एकशब्दी पर्याय सापडत नाही. तो दुसऱ्या अर्थाखाली दबून गेला तर आपले खरे नुकसान होईल, म्हणून लिहिणाऱ्यांनी निदान ‘मत’ आणि ‘मुलाखत’ यांना तो लावू नये असे मला मनापासून वाटते.

‘बाकी’ फक्त आपल्याकडे आली असे नाही. तेलुगूत ‘बाकी’ म्हणजे सरळ कर्ज. कन्नडात ‘बाकी’, तमिळ आणि मल्याळममध्ये ‘बाक्की’. मलय भाषेत उरलेली रक्कम ‘बाकी’, आणि पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिलीत ‘कुबाकी’ म्हणजे राहणे, मागे उरणे. दक्षिणेतल्या भाषांमध्येही तिला देण्याचाच रंग चढला, कारण तिथेही महसुलाच्या वह्यांतून तिचा प्रवास झाला. स्वाहिलीत तो तितका चढलेला दिसत नाही. तिथे माणूसही घरी ‘बाकी’ राहू शकतो, आणि त्याच्याकडे कुणाचे काही येणे नसते.

तेव्हा ‘शेष’ वापरावा का, याचे उत्तर: जिथे काही खरोखर उरले आहे आणि पडून आहे, तिथे जरूर वापरा. ‘शेष रक्कम संस्थेस दान केली’ हे वाक्य चांगले आहे. जिथे येणे, देणे किंवा करणे आहे तिथे ‘बाकी’च लिहा. वीजबिलावर ‘मागील शेष’ छापले तर ग्राहकाला वाटेल की आपलेच पैसे वीज कंपनीकडे पडून आहेत. आणि मोडी कागदाचे लिप्यंतर करणाऱ्यांनी मूळ ‘बाकी’च्या जागी ‘शेष’ किंवा ‘शिल्लक’ कधीही घालू नये. तेवढ्याने रकमेची दिशाच फिरते: गावाकडून यायचे पैसे कचेरीच्या पेटीत असल्याचे दिसू लागते, आणि त्या एका शब्दावर विसंबून पुढचा अभ्यासक त्या वर्षी वसूल पुरा झाला असे लिहून मोकळा होतो.